सहावा रकाना

"ताई, मॅडमच्या गाडीनं वरोरा सोडला म्हनते. ड्रायव्हरचा फोन होता."

शिपाई नथ्थूभाऊंनी दारातूनच आवाज दिला, तेव्हा इंदुताईंच्या जिभेवर कॅप्सूल होती. त्यांनी ती तशीच कोरडी गिळली आणि पत्र्याची छोटी डबी मुठीत दाबून मूठ टेबलाखाली नेली. डबीवर खोकल्याच्या गोळ्यांचं चित्र होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

"घाबरून राह्यल्या का?"

"कायले घाबरू?"

"माह्या लेकीची बारावी होती तवा तिची माय अशीच बसे. सारखी पानी पे." नथ्थूभाऊ हसले आणि पाहुण्यांचे कप धुवायला निघून गेले.

इंदुताई घाबरल्या होत्या. चांगल्याच घाबरल्या होत्या. उजव्या पायाच्या नळीत सकाळपासून बारीक कळ होती आणि ती वाढत वाढत कुठवर जाऊ शकते, हे त्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. इंदुताई दुर्गे यांना जन्मापासून सिकलसेल आहे, हेच मुळी तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

या भागात तो आजार नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. गावोगाव रक्त तपासायची शिबिरं होतात, निकालाची कार्डं मिळतात, लग्न जुळवताना कार्डं विचारली जातात. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. इंदुताईही बोलल्या नव्हत्या. एकोणीस वर्षांपूर्वी भरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांचं रक्त कमी असल्याचं पाहिलं आणि "बायकांचं असतंच" म्हणून सही ठोकली. तेव्हापासून कधी कंबर, कधी पित्त, कधी कावीळ, कधी उष्णता असं करत त्यांनी शरीराच्या जवळजवळ प्रत्येक भागावर खोटा आळ घेतला होता. खरं फक्त नवऱ्याला, हरिदासला, माहीत होतं.

पहिली अकरा वर्षं त्या गेटवरच्या टाइम ऑफिसात होत्या. पत्र्याची केबिन आणि समोर भट्टीची गरम हवा. चंद्रपूरचा उन्हाळा आधीच माणसाला भाजून काढतो, त्यात पाळीची ड्यूटी. एका उन्हाळ्यात तर तीनदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. मग बायकांच्या तक्रार समितीचं काम आलं. इंदुताई समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि बाहेर बोलत नाहीत, असा लौकिक झाला आणि त्या आतल्या, थंड खोलीत आल्या. तीन वर्षांपूर्वी परदेशी गिऱ्हाईक विचारायला लागलं की, तुमच्याकडे बायका, आदिवासी, अपंग अशा सगळ्यांना सामावून घेण्याचं काम कोण पाहतं आणि त्या माणसाला कुणी मान्यता दिली आहे का. मनुष्यबळ खात्याचे लांजेवार साहेब चार दिवस विचारात पडले, आणि मग सगळ्यात स्वस्त उपाय त्यांना शेजारच्या खोलीतच सापडला.

"कोर्स करून टाका ना ताई. ऑनलाइन आहे. मान्यता भेटली तं हे खातं इथीच राह्यते. नाई भेटली तं नागपूरहून कोनी येईन अन् तुमाले पुन्हा गेटवर जा लागन. मी आधीच सांगून ठेवतो."

गेट हा शब्द त्यांनी सहज उच्चारला होता.

त्यांनी कोर्स केला. रात्री हरिदास शब्दकोश घेऊन शेजारी बसायचा. आणि नवल म्हणजे, तो अभ्यास त्यांना आवडायला लागला. माणूस कामावर येताना आपला आजार, आपली जात, आपली भाषा गेटबाहेर ठेवून येऊ शकत नाही, असं एका धड्यात लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. आता शेवटचा टप्पा होता. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या परीक्षक येणार, फाइल तपासणार, कामगाराच्या परवानगीनं एका बोलण्याला बाजूला बसणार आणि मग संस्थेच्या मंडळाकडं अहवाल पाठवणार.

त्या बोलण्यासाठी इंदुताईंनी दिव्यानीला तयार केलं होतं.

दिव्यानी उसेंडी धानोऱ्याकडची. वय तेवीस, कंट्रोल रूममध्ये शिकाऊ, जूनअखेर कायम होणाऱ्यांच्या यादीची वाट पाहणारी. आठ दिवसांपूर्वी इंदुताईंना ती बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली दिसली. दोन्ही हातांनी पायाची नळी आवळलेली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. इंदुताईंनी काही विचारलं नाही. पाण्याची बाटली दिली, पायावर आपला स्कार्फ गुंडाळला. पोरीनं रडतरडत सगळं सांगितलं. तेव्हा इंदुताईंनी तिला घोषणापत्राबद्दल सांगितलं. दरवर्षी प्रत्येकानं भरायचा तो कागद त्यांनीच तयार केला होता. त्यातला सहावा रकाना होता, 'आपल्याला दीर्घकाळचा आजार किंवा अपंगत्व आहे का?' होय लिहिलं की पाणी, विश्रांती, उन्हातल्या कामातून सूट मागता येते. कायद्यानं सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आहे.

हे सगळं त्या मनापासून बोलल्या. पण खरं सांगायचं तर, पोरीला उठवून बसवतानाच परीक्षेसाठी माणूस मिळाला, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हापासून त्यांना नीट झोप नव्हती.

परीक्षक देवधर मॅडम पुण्याच्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज मऊ. त्यांना पाहून भीती कमी व्हायला हवी होती, पण मऊ आवाजाच्या माणसापुढं खोटं बोलणं जास्त जड जातं.

"फाइल फार छान ठेवलीय तुम्ही," त्या पानं उलटत म्हणाल्या. "घोषणापत्राचा नमुना म्हणून तुमचंच पत्र जोडलंत."

"दुसऱ्या कुणाचं दाखवता येत नाही ना, मॅडम. गोपनीय असतं."

"बरोबर आहे."

मॅडमचं बोट पानावरून खाली सरकत गेलं. पहिला रकाना, दुसरा, तिसरा. सहाव्यावर इंदुताईंच्या ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. बोट तिथं थांबलं नाही, पुढं गेलं. इंदुताई घोटभर पाणी प्यायल्या. नियम पाळायच्या नादात आपण आपलंच खोटं व्यवस्थित पंच करून, अनुक्रमांक टाकून परीक्षकाच्या हातात दिलंय, हे त्यांना कागद जोडला त्या दिवशी सुचलंच नव्हतं.

"हे प्रकरण पहिलं. पी. नावानं दिलंय. कन्व्हेयरवरचा कामगार, सिकलसेल असल्याचं स्वतःहून सांगितलं, हलकं काम मिळालं. उत्तम. त्यानंतर दोन वर्षांत सहाव्या रकान्यात एकही 'होय' नाही. चारशे बारा माणसांत एकही नाही?"

"नाही."

"का बरं? आणि हा पी. आता कुठल्या खात्यात आहे?"

पी. म्हणजे पत्रू. मूल तालुक्यातला, ठेकेदाराचा माणूस. इंदुताईंनीच त्याला समजावलं होतं, "भर भाऊ, काई होत नाई." दीड महिना त्याला हलकं काम मिळालं, तेवढं फाइलमध्ये होतं. दीड महिन्यानं ठेकेदाराची नवी यादी आली, तेवढं फाइलमध्ये नव्हतं.

'बदली झाली' म्हणता आलं असतं. पण गेटबाहेर पत्रू दोन तास उभा होता, कुणाशी भांडला नाही, फक्त त्यांच्या खिडकीकडं पाहत राहिला, ते त्यांना आठवलं.

"तो नाही इथं," त्या म्हणाल्या. "ठेकेदाराच्या नव्या यादीत त्याचं नाव आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, सुरक्षेच्या कारणानं. मी ते फाइलमध्ये लिहिलं नाही."

मॅडमनी पेन उघडलं, काहीतरी लिहिलं आणि बंद केलं. "बोलवा त्या मुलीला," त्या हळूच म्हणाल्या.

दिव्यानी आली ती खुर्चीच्या टोकावर बसली. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेल्या. ठरल्याप्रमाणे इंदुताईंनी आधी विचारलं, "मॅडम इथं बसल्या तर चालेल ना तुला? नाही म्हटलंस तरी काही बिघडत नाही."

"तुमी सांगतलं तं चालते," दिव्यानी म्हणाली. हे उत्तर धड्यात चुकीचं म्हणून दिलेलं होतं. तिनं 'मला चालतं' असं म्हणायला हवं होतं.

इंदुताईंनी कागद तिच्यापुढं ठेवला. पायातली कळ आता गुडघ्याला पोचली होती. त्या बोलायला लागल्या. कागद कुठं राहतो, कोण पाहतो, काय मागता येतं, सगळं धड्याच्या क्रमानं. आपला आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दिव्यानी कागदाकडं पाहत राहिली.

"ताई, एक विचारू? पत्रूभाऊचं खरं हाय का? पोरी सांगतेत."

"खरं आहे."

"मंग माहं नाव जूनच्या यादीत राह्यते का?"

"राहायला पाहिजे. कायदा आहे." मग धड्याचा क्रम सुटला आणि घरची भाषा तोंडात आली. "पर मी तुले लिहून नाई देऊ शकत, बाई."

दिव्यानीनं मान हलवली. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल विचारावं इतक्या साधेपणानं तिनं पुढचं विचारलं.

"तुमी काय भरलं ताई, सहाव्या रकान्यात?"

तिच्या मनात काही नव्हतं. मोठं माणूस पाण्यात उतरलं का, एवढंच तिला पाहायचं होतं. कोपऱ्यातल्या पेनाचा आवाज थांबला. मॅडमच्या मांडीवर ती फाइल होती आणि फाइलमध्ये ते 'नाही' होतं. इंदुताईंनी 'मले काई नाई' एवढंच म्हटलं असतं तर कागदाशी कागद जुळला असता. एकोणीस वर्षांच्या सवयीनं ते वाक्य ओठांवर आलंही.

पण त्याच वेळी त्यांना कुरखेड्याकडच्या आपल्या गावातलं शाळेचं आवार दिसलं. रक्त तपासायला माणसं आली होती आणि रांगेत पुढं लोटलेली इंदू किंचाळत होती. तिची आई रुखमा रांग मोडून आली आणि आपलं बोट पुढं केलं. फक्त लेकरांचं घ्यायचं आहे, असं त्या माणसानं सांगितलं. "माह्या बोटाले टोचा पयले. पोरगी पायते मंग," आई म्हणाली होती. टोचल्यावर ती हसलीसुद्धा. मग इंदूनं मुकाट्यानं हात पुढं केला.

इंदुताईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भीती मात्र होती तेवढीच होती. त्यांनी खणातून कोरा कागद काढला आणि नाव, खातं, हुद्दा लिहिला. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आलं नाही. सहाव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'होय. सिकलसेल. जन्मापासून.' खाली सही केली आणि कागद फिरवून दिव्यानीसमोर ठेवला.

दिव्यानीनं तो वाचला. मग त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं, टेबलावरच्या पाण्याच्या मोठ्या बाटलीकडं पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"तवाच तुमी पायाले फडकं गुंडाळलं," ती म्हणाली. "मी म्हनलं, यायले कसं मालूम."

"इंदुताई," कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता, पण त्यात अवघडलेपण होतं. "अर्जासोबतची सगळी माहिती सत्य आहे, असं तुम्ही लिहून दिलंय. मला हे अहवालात लिहावं लागेल. मंडळ काय ठरवेल, मला सांगता येणार नाही."

"लिहा, मॅडम."

"तुम्ही आज हे सांगितलं नसतंत तर..." त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

दिव्यानीनं पेन उचललं. "द्या ताई. मीबी भरतो."

इंदुताईंनी तिच्या कागदावर पंजा ठेवला. "थांब."

"काऊन? तुमी भरला नं?"

"मनूनच थांब. पयले माहं काय होते थे पाय. मंग भर."

पोरीनं कोरा कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

घोषणापत्रं घेऊन पोच देण्याचं काम इंदुताईंचंच होतं. स्वतःच्या कागदाला मात्र दुसऱ्याची सही लागणार होती. त्या लांजेवार साहेबांच्या खोलीपर्यंत चालत गेल्या. पाय ओढावा लागत होता आणि आज त्यांनी तो लपवला नाही. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्ची जराशी मागं सरकवली. त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच ती पुन्हा पुढं घेतली.

"आजच काऊन सांगतलं, ताई? एक दिवस थांबता नाई आलं?"

"नाई आलं, साहेब."

त्यांनी सही केली.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. असत्य घोषणा आणि अपुऱ्या नोंदी, या कारणांनी मान्यता नाकारली होती. वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येणार होता. देवधर मॅडमनी आपल्या शिफारशीत बरंच चांगलं लिहिल्याचा उल्लेख होता, पण त्यानं निर्णय बदललेला नव्हता. नागपूरचा माणूस पुढच्याच सोमवारी रुजू झाला आणि इंदुताईंना गेटचा आदेश मिळाला. आदेश हातात आल्यावर त्या तोंड धुवायला उठल्या नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी सहाव्या रकान्याच्या आधारानं अर्ज लिहिला. कायम दिवसपाळी, केबिनला कूलर, दर दोन तासांनी विश्रांती. कारखान्यात त्या रकान्याखाली आलेला तो दोन वर्षांतला पहिला अर्ज होता. हरिदास म्हणाला, नोकरी सोड. त्यांनी दोन रात्री तो विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डबा बांधून निघाल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी केबिनचं दार उघडलं. तोच पत्रा, तीच गरम हवा. नथ्थूभाऊ आतल्या खोलीतून त्यांची पाण्याची बाटली आणि राहिलेलं सामान घेऊन आले. खोकल्याच्या गोळ्यांची डबी त्यांनी खिडकीवर ठेवली आणि जरा घुटमळले.

"आतमदी बोलून राह्यले लोकं. हे खोकल्याचं नोहे म्हनते."

"नोहे, भाऊ."

"मंग पानी संपलं का मले आवाज देत जा," ते म्हणाले आणि निघून गेले.

सकाळच्या पाळीला दिव्यानी गेटवर आली. कार्ड लावलं, पण आत गेली नाही. खिडकीशी वाकली.

"काय झालं ताई?"

"दिवसपाळी भेटली. कूलर येतो म्हनते."

"अन् थे मान्यता?"

"थे गेली."

मागं रांग वाढत होती. तिनं पर्सवर हात ठेवला, जिथं तो चार घड्यांचा कागद होता.

"मंग मी भरू का?"

इंदुताईंनी भट्टीकडं पाहिलं. सकाळचे सातच वाजले होते आणि पत्रा तापायला लागला होता. कूलरची जागा रिकामी होती. पायात कळ नव्हती, पण त्या तिची वाट पाहत होत्या, जशी रोज पाहत असत.

"जून सरू दे. तुही यादी लागू दे. तवरक मी इथी टिकली, तं भर."

"अन् नाई टिकल्या तं?"

इंदुताईंनी रजिस्टर पुढं ओढलं, दिव्यानी उसेंडी नावापुढं सात वाजून चार मिनिटं लिहिलं. मग डबी उघडली, कॅप्सूल काढली आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत पाण्याबरोबर सावकाश घेतली.

"जाय आता," त्या म्हणाल्या. "तुले उशीर होते."

दिव्यानी आत गेली. डबीचं झाकण त्यांनी लावलं नाही.